उभी नळी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं रक्त काढलं. दवाखाना एका ट्रस्टचा, तीस खाटांचा. त्याची लॅब म्हणजे मागच्या अंगाची एक खोली, एक मायक्रोस्कोप आणि मी. येणारे लोक तिला 'रगत पाह्याची खोली' म्हणायचे. माझं वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस असेल, पण आठवायला गेलं की मी स्वतःला कायम दमलेलीच दिसते. पाठ धरलेली, बोटांना स्पिरिटचा वास, आणि तोंडाने जरा जास्तच फटकळ. हा फटकळपणा मी चंद्रपूरहून घरून आणला होता. आमचे अब्बा टेलर. दिवसभर गिऱ्हाइकांशी ते इतकं गोड बोलायचे की त्याची भरपाई घरात आम्हा सगळ्यांना करावी लागायची.

नव्वदीचा शेवट होता तो. बुधवार टीबीच्या मुलांचा. मोठ्या माणसाचा टीबी बेडक्यात दिसतो. डबी हातात द्यायची, सकाळचा बेडका आण म्हणून सांगायचं, काचेवर पसरून रंगवायचा आणि बघायचा. लहान मुलाला बेडका काढताच येत नाही, ते खोकतं आणि गिळून टाकतं. त्यामुळे डॉक्टरसाहेबांना मुलांचं सगळं अंदाजाने चालवावं लागायचं. एकदा छातीचा फोटो, एकदा हातावर टोचून बघायचं, आणि मग औषध लागू पडतंय की नाही हे कळायला वजन आणि ईएसआर. त्यातला वजनकाटा पावसाळ्यात बिघडला आणि दुरुस्तीला चंद्रपूरला गेला, तो तिकडचाच झाला. दोनदा चिठ्ठी पाठवली, उत्तर आलं की माणूस आजारी आहे. मग राहता राहिला ईएसआर, म्हणजे मी.

ईएसआर ही फार हुशारीची परीक्षा नाही. अंगात कुठे जंतूंशी मारामारी चालली असली, सूज असली, की रक्तातल्या लाल पेशी एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर खाली बसतात. एवढीच त्यातली अक्कल. रक्तात थोडं सायट्रेट घालायचं म्हणजे ते गोठत नाही, मग एका लांब काचेच्या नळीत ते तोंडाने वर ओढायचं, नळी स्टँडमध्ये सरळ उभी करायची आणि तासभर तिला हात लावायचा नाही. तासाभराने लाल रक्त खाली बसलेलं असतं आणि वर पिवळसर पाणी मोकळं झालेलं असतं. त्या पाण्याची उंची मोजली की झाला ईएसआर. आता तोंडाने रक्त ओढायचो असं सांगितलं तर नव्या पोरी तोंड वाकडं करतात. करू देत. मी दोनदा गिळलंय, खारट लागतं.

नळी जराही तिरकी असून चालत नाही, आकडा चढतो. माझं टेबल तर डुगडुगायचं. खोलीत खरी सपाट जागा एकच, खिडकीतली कडप्प्याची पट्टी. म्हणून स्टँड तिथे ठेवायचे. आणि त्या खिडकीबाहेर व्हरांडा, व्हरांड्यात बाक, बाकावर मुलं घेऊन आलेल्या आया. दोन-तीन बुधवारात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या पोराचं काय चाललंय ते या काचेतून दिसतं. मग त्या तासभर तिथेच बसायच्या आणि डाळ शिजायची वाट बघावी तशा नळ्यांकडे बघायच्या.

त्यांची स्वतःची भाषा तयार झाली. लाल रक्त खूप खाली गेलं तर 'नळी बसली'. जागच्या जागी राहिलं तर 'नळी उभी'. नळी बसली की आजार अंगात आहे, उभी राहिली की पोर सुधारलं. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं, पण चूकही म्हणता येत नव्हतं. कोणाची कितवी नळी, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असायचं. ज्या बाईची नळी उभी, तिला बाकावर मधली जागा मिळायची. ज्या बाईची बसली, ती कडेला सरकून पोराचं नाक पुसत राहायची.

आणि मी काय करायचे, तर तास भरला की खिडकीतूनच आकडे ओरडून सांगायचे. कागद आधी डॉक्टरांकडे जायला हवा, तसा नियम होता, साहेबांनी मला दोनदा टोकलंही होतं. पण दुपारची एसटी अडीचला, ती चुकली की या बायांना रात्र व्हरांड्यात काढावी लागायची, आणि आकडा कळल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. सोय म्हणून सुरू केलं. पुढे मला त्याची सवय लागली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली. वीस बाया माझ्या तोंडाकडे बघतायत असं माझ्या आयुष्यात दुसरीकडे कुठे घडत नव्हतं.

ती मुलगी पहिल्यांदा आली ती भाद्रपदात. सात वर्षांची, पण पाचची वाटायची. मूलपासून पुढे जंगलात एक गाव होतं, तिथून तिची आई तिला कडेवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत आणायची आणि मग गाडी मिळेल तिने इथे. शेत म्हणजे चार धानाच्या बांध्या, त्यांत भागत नाही म्हणून दुसऱ्याच्या शेतात मजुरी. घरातले चुलते छातीच्या दुखण्याने गेले होते आणि आता हिला खोकला होता, संध्याकाळचा ताप होता, मानेत गाठी होत्या. फोटोतही डाग दिसला. साहेबांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

सुई टोचताना ती रडली नाही. बोटाने कापूस दाबून धर म्हटलं तर धरून बसली. तासाभराने निघताना खिडकीपाशी आली आणि तो कापूस मला परत देत म्हणाली, "घे बाई तुया कापूस." तेव्हापासून दर महिन्याला हेच. तो कापूस मी कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, पण ती फाटकाबाहेर गेल्यावर.

तिचा पहिला आकडा आला बावीस. आता टीबीच्या पोरांचे पहिले आकडे मी पाहिलेले होते, सत्तर, नव्वद, एकशेदहा. बावीस म्हणजे काहीच नाही. साहेब म्हणाले, लवकर सापडली दिसते. मीही तेच म्हटलं. इतकी वाळलेली, गाठी आलेली पोर आणि आकडा बावीस कसा, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. चांगली बातमी आली की आपण तिला कुठून आलीस म्हणून विचारत नाही. पुढच्या महिन्यात नऊ आला. त्याच्या पुढच्या महिन्यात चार.

चार! बाकावर कुजबूज झाली. एवढी सरळ उभी नळी त्यांनी पाहिली नव्हती. तिच्या आईला मधली जागा मिळाली, कोणीतरी तिला खायला चिवडा दिला. आई मात्र अंग चोरून बसली होती. मला वाटलं लाजते आहे.

त्याच दिवशीची गोष्ट मला सांगायची आहे. बाकावर घुग्घुसची एक बाई असायची. नवरा कोळसा खाणीत, तिचा पोरगा पाच वर्षांचा. घुग्घुसहून मूलला यायचं म्हणजे मध्ये चंद्रपूर पडतं, तिथे मोठा दवाखाना आहे, पण तिची बहीण मूलला दिलेली होती आणि इथल्या साहेबांचा हात चांगला असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. या पोराचा आकडा काही केल्या उतरत नव्हता. पहिला शंभराच्या वर, मग ब्याऐंशी, मग सत्तर, आणि त्या बुधवारी पुन्हा अठ्ठ्याहत्तर. नळी चांगलीच बसली.

मी सकाळपासून बावीस मुलांची रक्तं काढली होती. त्यातली निम्मी मला लाथा मारत होती. धान निघालं होतं, मागच्या राइस मिल सुरू झाल्या होत्या, कोंड्याची धूळ खिडकीतून येऊन स्लाइडवर बसत होती आणि मी तीच काच तिसऱ्यांदा पुसत होते. अठ्ठ्याहत्तर बघून माझं डोकं फिरलं. मी खिडकीतून म्हणाले, "गोळ्या देत नाहीस तू पोराला."

"रोज देऊन राह्यली, बाई. उपाशीपोटी देतो. त्या गोळीनं त्याची लघवी लाल होते, विचारा त्याले."

"मग नळी का बसते?"

"ते मले काय मालूम. पण पोरगा सुधरला, बाई. पहा ना, गाल पहा त्याचे. चड्डी घट्ट व्हाले लागली."

तिने पोराला उचलून खिडकीसमोर धरलं. पोरगा खरंच गुटगुटीत दिसत होता. पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी नळीकडे बोट दाखवलं. म्हटलं, तुझं तोंड खोटं बोलेल, ही काच बोलणार नाही. म्हटलं, या बाईकडे बघ, जंगलातून चालत येते, दिवसाची मजुरी बुडवते, हिच्या पोरीचा आकडा चार. आई अशी असावी लागते. पोर बरं दिसतं म्हणे! आईला तर काय, सगळंच दिसतं.

हे शेवटचं वाक्य मी म्हटलं, त्यावर बाकावरच्या दोघी-तिघी हसल्या.  घुग्घुसच्या बाईने पोराला खाली ठेवलं आणि पिशवी आवरली. मला बरं वाटलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं हे खरं आहे.

त्या मायलेकींचा त्यानंतरचा बुधवार मार्गशीर्षातला. मुलीचा आकडा पुन्हा चारच. आकडा सांगितल्यावर तिची आई नेहमीसारखी लगेच निघाली नाही. मुलीने कापूस परत दिला, तरी ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. मी विचारलं, काय गं. ती म्हणाली, काही नाई. मग म्हणाली, हातपाय लई दुखतात म्हणते रात्री. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी कागद बघितला, चार बघितलं, म्हणाले या गोळ्यांनी सांधे दुखतात थोडे, चालायचंच. डोळे जरा पिवळे वाटतात का म्हणून त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि तेही गोळ्यांच्या नावावर टाकलं. मी बाहेर येऊन आईला सांगितलं की काळजी करू नको, तुझ्या पोरीची नळी सगळ्यांत छान आहे. ती गेली.

पौषात ती बुधवारी आली नाही. शुक्रवारी आली. कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून, मुलीला चादरीत गुंडाळून. मुलगी धापा टाकत होती. पोट फुगलेलं, अंग तापाने फणफणलेलं, डोळे हळदीसारखे. तिला खाटेवर ठेवून साहेबांनी मला हाक मारली आणि सगळं रक्त काढायला सांगितलं. शीर सापडेना. सापडली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, रडली नाहीच. कापूस मीच धरला.

मी नळी लावली. तास भरला. आकडा तीन.

तो कागद घेऊन मी साहेबांसमोर उभी राहिले. ते कधी पोरीकडे बघत होते, कधी कागदाकडे. साठीला आलेला माणूस, दिवसाला दीडशे पेशंट बघणारा, माझ्याइतकाच थकलेला.  मग हळूच म्हणाले, "सिकलिंग केलंय का हिचं?"

नव्हतं केलं. कोणी लिहूनच दिलं नव्हतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्याकडे काही नवीन नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत गावंच्या गावं आहेत ज्यांच्या रक्तात तो आईबापांकडून मुलांत उतरत आलाय. त्याची तपासणी शिकायला मला दोन दिवस गडचिरोलीला पाठवलंही होतं. औषधाची बाटली कपाटात होती. मी पावडर पाण्यात कालवली, काचेवर रक्ताचा थेंब घेतला, वरून हे पाणी, त्यावर पातळ काच, कडेने मेण लावून हवा बंद केली. अर्धा तास थांबायचं असतं. मी वीस मिनिटांतच बघितलं.

मायक्रोस्कोपखाली लाल पेशी गोल दिसायला हव्यात. त्या विळ्यासारख्या वाकल्या होत्या. एखाददुसरी नाही, सगळं पटांगण त्यांनी भरलं होतं.

आणि मग गडचिरोलीच्या त्या दोन दिवसांत एका सरांनी सहज जाता जाता सांगितलेली गोष्ट मला आठवली. वाकड्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे त्या खाली बसत नाहीत. सिकलच्या पेशंटचा ईएसआर बघू नका, तो खालीच येतो. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. परीक्षेला येईल म्हणून.

म्हणजे बावीस खोटा होता, नऊ खोटा होता, चार खोटा होता. टीबी पहिल्या दिवसापासून आत वाढत होता, त्या गोळ्या तिला लागूच पडत नव्हत्या, आणि चार महिने आम्ही तिला शाबासकी देत होतो. नळी उभी राहायची कारण तिला बसताच येत नव्हतं. साहेब एवढंच म्हणाले, ती हातपाय दुखतात म्हणाली तेव्हा मी विचार करायला हवा होता. मी म्हटलं, मीही.  त्यांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली आणि जीप बोलावली.

आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. साहेबांनी सांगितलं असतं, पण आकडे तिला मी दिले होते. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, बाक मोकळा असून खाली. मी तिच्याजवळ बसले आणि जमेल तसं सांगितलं. तुझ्या पोरीच्या रक्तात आणखी एक दुखणं आहे, जन्मापासूनचं, त्यात तुझी काही चूक नाही. त्या दुखण्यामुळे नळी आम्हाला चुकीचं सांगत होती. पोर सुधारत नव्हती. आम्हाला कळलं नाही.

ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिने पदराने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"मले दिसत होतं, बाई."

"काय?"

"कडेवर घेतली का दर महिन्याले हलकी लागे. पयले रस्त्यावर येईपर्यंत दोनदा खाली ठेवू मी तिले. मंग एकदा. या महिन्यात ठेवलीच नाई. संध्याकाळचा तापही गेला नव्हता. जेवत नव्हती."

"मग बोलली काऊन नाईस?" मी विचारलं. मी तिच्याच बोलीत बोलत होते हे मला नंतर कळलं.

"त्या घुग्घुसवालीले बोल्ल्या ना तुमी, त्या दिवशी. तिनं म्हटलं मले दिसते, तं तुमी तिले बोल्ल्या. काच खोटं बोलत नाई म्हटलं तुमी. मी म्हटलं, मंग आपले हातच खोटे असन."

जीप आली. मुलीला मागच्या सीटवर निजवलं, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नागपूरपर्यंत चार-पाच तास. मी फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन बेसिनपाशी उभी राहून नळ्या धुतल्या. त्या दिवशी एकच नळी वापरली होती. मी स्टँडमधल्या सगळ्या धुतल्या.

नागपूरला तपासणीत सिकल पक्का झाला, आणि टीबी पोटात आणि मणक्यात गेल्याचंही कळलं. तिकडे ती एकोणीस दिवस होती. विसाव्या दिवशी साहेबांना फोन आला. त्यांनी मला खोलीत येऊन सांगितलं आणि खुर्चीवर बसले. मी त्यांना चहा करून दिला. मी त्या दिवशी रडले नाही. त्या आठवड्यात रडले नाही. पुढे होळीच्या सुट्टीत चंद्रपूरला गेले असताना, अब्बा एका गिऱ्हाइकाच्या लहान मुलीचा फ्रॉक टाचत होते आणि आतली शिलाई सोडून ठेव, पोर वाढेल, असं कारागिराला सांगत होते, तेव्हा मला ते ऐकवेना. मी मागच्या अंगणात जाऊन बसले. अम्मीने विचारलं तर डोकं दुखतं म्हणाले.

मी खिडकीतून आकडे सांगणं बंद केलं. बाया माझ्यावर रागावल्या. एसटी चुकते म्हणाल्या, बाई बदलल्या म्हणाल्या, साहेबांकडे तक्रारही केली. खिडकीला मी जुन्या चादरीचा पडदा लावला तर दोनदा कोणीतरी तो काठीने सरकवला. त्यांचं चूक नव्हतं. त्यांना नळीवर भरवसा ठेवायला मीच शिकवलं होतं, आता माझ्या एका पडद्याने तो कसा जाणार होता?

घुग्घुसच्या पोराचं औषध पूर्ण झालं. वजनकाटा एकदाचा परत आला होता, त्यावर तो चांगला भरला. आकडा शेवटपर्यंत चाळिसाच्या खाली आला नाही. मग कधी नव्हे तो मी त्याचा हिमोग्लोबिन आणि शी तपासली. अंगात रक्त कमी, पोटात जंत. रक्त कमी असलं तरी नळी बसते, हेही मला शिकवलेलं होतं. जंताच्या गोळ्या दिल्या. त्याच्या आईला मी म्हटलं, त्या दिवशी मी तुला नको ते बोलले. ती म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, मले याद बी नाई." तिला लक्षात होतं. मला एकटीला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली.

पुढे काही वर्षांनी सीआरपीचं किट आलं. काळ्या काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, दुधासारख्या औषधाचा एक थेंब, हलवलं की सूज असेल तर दाणे धरतात. पेशी वाकड्या असोत की सरळ, त्याला फरक पडत नाही. दोन मिनिटांत उत्तर. कंपनीचा माणूस मला समजावत होता, मॅडम, हे एकदम भरवशाचं आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला वाटलं मला समजलं नाही, त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट राहिली. मुलगी गेली त्या वर्षीचा उन्हाळा संपत आला होता. बुधवार नव्हता, दुपारची वेळ, बाकावर कोणी नव्हतं. तिची आई आली. सोबत धाकटी मुलगी, तीन वर्षांची, नाक वाहणारी, खोकणारी. मला वाटलं ती आता या दवाखान्याची पायरी चढणार नाही. मी तिच्या जागी असते तर चढले नसते. पण तिच्या गावाला जवळचा दुसरा दवाखाना नव्हता.

मी धाकटीची सिकलिंगची काच आधी करायला घेतली आणि कपाटातून नळी काढली. आई खिडकीशी आली नाही, पोरीला घेऊन सरळ दारातून आत आली. आत यायची परवानगी कोणालाच नसायची. मी बाजूला सरकले.

"नळी मंग लावा, बाई," ती म्हणाली. "पयले तिले उचलून पहा."

तिने पोर माझ्या हातांत दिली. तोवरच्या वर्षांत मी शेकडो मुलांचे दंड धरले होते, बोटं धरली होती, लाथा खाल्ल्या होत्या, पण एकाला कधी उचलून घेतलं नव्हतं. पोर माझ्या खांद्याला नाक पुसत खोकत होती. तिचे पाय माझ्या कमरेला लागत होते. तिच्या आईने विचारलं, कशी लागते?  जड की हलकी, मी कशाशी ताडून बघणार? मी तिला याआधी कधी घेतलंच नव्हतं.

मी तिलाच विचारलं, मागच्या महिन्यात कशी होती. ती सांगायला लागली. किती लांब चालल्यावर हात भरून येतो, रात्री कितीदा उठते, भात किती खाते, फ्रॉक कुठे सैल झाला. पोर एका हातावर धरून मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि ती जसं सांगत होती तसं लिहून घेतलं.